मदत हवी आहे: आमची साइट माझ्या फोनवर ठीक, मावशीच्या फोनवर पार चिवडा

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय, मानेवाडा. आई बरीच वर्षं घरूनच सावजी मसाला, मूगवड्या, कुरडया, शेवया विकते. आधी गिऱ्हाईक मोहल्ल्यातलंच होतं, मग पुण्या-मुंबईला गेलेले नागपूरकर मागवायला लागले म्हणून 2016 मधे भावाच्या एका मित्राने साइट बनवून दिली. तो पोरगा आता बंगलोरला असतो, मेसेज टाकला की उत्तर देतो पण आठ दिवसांनी. मला कोडिंग येत नाही, पॅनलमधे शिरून फोटो नि मजकूर बदलणं एवढंच जमतं.

तर झालं असं की मागच्या आठवड्यात कामठीची मावशी आली, म्हटलं तुझी ऑर्डर तूच कर बरं साइटवरून, मी बाजूला बसून पाहते. स्वस्तातला अँड्रॉइड, एका कोपऱ्यात काच तडकलेली. पहिलं पान उघडलं तर मसाल्याचा फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरून राहिला, तोवर आईचा चहा उकळून गाळूनही झाला. मग तिने 'दर' दाबलं आणि सगळं पान मुंगीएवढं! दोन बोटांनी मोठं केलं तर मूगवड्या दिसतात पण त्यांचा दर उजवीकडे बाहेर, दराकडे सरकवलं की नाव डावीकडे गायब, शेवटी तिने कुरडयांचा दर मसाल्याचा म्हणून वाचला आणि "बाप्पा, एवढा महाग केला का ताईनं!" म्हणून आईकडे पाहायला लागली. पुढे फॉर्म. मोबाइल नंबरच्या रकान्यात एबीसीडीचा कीबोर्ड आला, त्यात ती आकडे शोधत बसली. पत्ता लिहून झाला तर ऑर्डरचं बटनच नाही, ते कीबोर्डच्या मागे दडलेलं. तिने दोनदा बॅक दाबलं आणि लिहिलेलं सगळं साफ. "राहू दे वो बाई, मले काही दिसूनच नाही राहिलं, तू लिहून घे न सरळ, अर्धा किलो मसाला."

हसूही आलं आणि लाजही वाटली, कारण मावशी समोर होती म्हणून कळलं, असे किती जण गुपचूप परत गेले असतील.

मग रात्री तिचाच फोन घेऊन बसले, बाकीच्या साइट पाहिल्या. मराठी विकिपीडिया भसकन उघडला, नुसता मजकूर, सगळं वाचता येतं. एका पेपरची साइट उघडली तर बातमीवर बोट ठेवायला जावं तोच वरून जाहिरात येते, पान खाली सरकतं आणि बोट पडतं जाहिरातीवर, हे मुद्दाम करतात का हो? एका सरकारी फॉर्मात फोटो ठराविक केबीतच पाहिजे, आता मावशीने फोटो बारीक कुठून करावा? खरेदीच्या मोठ्या साइट मात्र त्याच फोनवर लोण्यासारख्या चालतात, म्हणजे फोनचा दोष नाही.

तर विचारायचं हे, आमच्या एकाच साइटचं पहिलं पान नीट आणि दराचं मुंगीएवढं, असं काऊन? बटन कीबोर्डमागे जाणं पूर्वी होत नव्हतं असं आई ठामपणे सांगते, तिचा भ्रम आहे का? आणि भावाच्या आयफोनवर तिसरंच, रकान्यात बोट लावलं की पान आपोआप मोठं होतं नि मग तसंच राहतं. कमी खर्चात काय करता येईल? ॲप बनवा म्हणू नका प्लीज, मावशी अर्धा किलो मसाल्यासाठी ॲप उतरवणार नाही.

बर्डीवाला: ताई, गुगलची मोबाइल फ्रेंडली टेस्ट आहे न, त्यात पत्ता टाका, सगळं सांगते ती.

पट्टीचा_पोहणारा: बर्डीवाले भाऊ, ती टेस्ट गुगलने 2023 च्या डिसेंबरात बंद केली, आता क्रोममधलं लाइटहाउस, म्हणजे पान तपासायचं साधन, वापरा. पण ताई, तुमचं दुखणं त्याशिवायही कळतंय. दराच्या पानाच्या कोडमधे व्ह्यूपोर्टची मेटा ओळ नसेल, म्हणजे पान फोनच्या रुंदीत मांड असं ब्राउझरला सांगणारी ओळ. ती नसली की मोबाइलचा ब्राउझर समजतो पान कॉम्प्युटरसाठी आहे, मग तो 980 पिक्सेल रुंदीत मांडतो आणि दाबून स्क्रीनमधे बसवतो. मावशीच्या फोनची रुंदी त्या हिशोबात 360 च्या आसपास असेल, म्हणजे सगळं पावणेतीन पट बारीक. त्या मित्राला सांगा, हेडमधे, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागात, 'विड्थ इज इक्वल टू डिव्हाइस विड्थ'वाली ओळ टाक, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त झूम बंद करू देऊ नका, काही लोक ते पण करतात आणि चष्मेवाल्यांचे हाल होतात.

आई बरोबर आहे! अँड्रॉइडच्या क्रोममधे आधी कीबोर्ड आला की पानाची उंची कमी व्हायची, म्हणून तळाला चिकटवलेलं बटन वर यायचं. 2022 च्या शेवटी क्रोम 108 आलं तेव्हा ते बदललं, आता बटन कीबोर्डमागेच राहतं. ते चिकटवूच नका, पत्त्याच्या रकान्याखाली साधं ठेवा. नंबरच्या रकान्याचा प्रकार कोडमधे 'टेल' (टेलिफोन) केला की आकड्यांचा कीबोर्ड येतो. आणि आयफोनचं कारण म्हणजे रकान्यातलं अक्षर 16 पिक्सेलपेक्षा लहान असलं की सफारी स्वतःच झूम करते, 16 करा, विषय संपला.

पेपरवाले मुद्दाम करतात का माहीत नाही, पण जाहिरातीसाठी आधी जागा राखून ठेवली तर पान उडत नाही, एवढं नक्की.

मी (धागाकर्ती): खूप आभार, आईला वाचून दाखवलं, ती आता घरभर "मी म्हटलं होतं न" करत फिरतेय. पण दराचं पान उघडून पाहिलं तर ती यादी नाहीच, यादीचा फोटो आहे! बाबांनी कृतिदेव या जुन्या फॉन्टमधे टाइप केलेली, साइटवर चिकटवली की इंग्रजी अक्षरांची भेळ व्हायची, म्हणून त्या पोराने स्क्रीनशॉट काढून टाकून दिला.

महालचा_डीटीपीवाला: हे घरोघरचं आहे ताई. कृतिदेवमधे आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त वरून मराठीचा मुखवटा घालतो, समोरच्याकडे फॉन्ट नाही की मुखवटा गळाला. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणारी खरी मराठी अक्षरं होतात, ऑनलाइन फुकट मिळतात, पण मग एकेक ओळ डोळ्यांनी वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते. आकडे तर दोनदा तपासा, दर चुकला तर मावशी पुन्हा आईकडे पाहील. आणि पाच रकान्यांचा तक्ता करू नका, नाव, त्याखाली लगेच वजन नि दर, बस. मसाल्याचा फोटो किती एमबीचा आहे?

मी: पाहिलं. साडेचार. भावाने कॅमेऱ्याने काढलेला जसाच्या तसा चढवला होता.

महालचा_डीटीपीवाला: रुंदी 1200 पिक्सेल करा, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमधे सेव्ह करा, शंभर-दीडशे केबीत बसला पाहिजे.

मी: अपडेट. फोटो बारीक केला, यादी युनिकोडमधे केली (मूगवड्याची "मूगवडया" झाली होती, धरली!), व्ह्यूपोर्ट, बटन आणि रकाने त्या पोराने चक्क त्याच रात्री करून दिले. काल मावशीकडे कामठीला जाऊन तिच्याच हातात फोन दिला, मी तोंड मिटून बसले. दर वाचले, नंबर टाकला, पत्ता टाकला, आणि उजव्या कोपऱ्यातला तो चॅटचा हिरवा गोळा नेमका ऑर्डरच्या बटनावर येऊन बसला. तिने दोनदा गोळाच दाबला, तिसऱ्यांदा पान जरा वर सरकवून बटन. गेली ऑर्डर! तो गोळा पॅनलमधून कुठून काढायचा सापडत नाहीये, पोराला मेसेज टाकलाय. आठ दिवसांनी सांगते.