जपानी शिकायला व्हीआर हेडसेट: उपयोग की नुसती हौस?

कांजीग्रस्त
जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन फोर पातळी पास होऊन वर्ष झालं तरी जपानी माणसासमोर तोंड उघडत नव्हतं. त्यात नवल नाही म्हणा, जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. ऐकायचं, वाचायचं, पर्यायावर खूण करायची. आता सहा महिने झाले, आठवड्यातून तीनदा हेडसेट चढवून व्हीआरचॅट या आभासी गप्पांच्या जगात जपानी मंडळींच्या घोळक्यात जाऊन बसतो. पुस्तकात पाठ होऊनही जिभेवर न आलेल्या गोष्टी तिथे आल्या.

उदाहरणार्थ कोरे, सोरे, आरे. आपलं 'हे' आणि 'ते' यावर भागतं. जपानीत माझ्याजवळचं ते कोरे, तुझ्याजवळचं सोरे आणि दोघांपासूनही लांबचं आरे. मी मराठी डोक्याने प्रत्येक 'ते'ला आरे म्हणायचो. तिथे समोरच्याच्या हातातल्या कंदिलाला आरे म्हटलं, तर तो मागे वळून लांब कुठेतरी कंदील शोधायला लागला! असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा सोरे आपसूक निघालं. आगेमासु आणि कुरेमासुचंही तेच. आपल्याला दोन्हीकडे 'देणे' पुरतं. तिथे मी दुसऱ्याला दिलं तर एक क्रियापद, दुसऱ्याने मला दिलं तर दुसरं. वस्तू समोरून आपल्या हातात येते तेव्हा दिशा समजावून सांगावी लागत नाही.

शिवाय तिथे माझं रूप कोल्ह्याचं असतं. कोल्ह्याला चुकायची लाज वाटत नाही.

तळटीप
असहमत. मी जपानी शिकवते. कोरे-सोरेसाठी मी टेबलावर पेन ठेवते, काम होतं. त्यासाठी अर्धा किलो वजन डोक्यावर कशाला?

आणि वाचनाचं काय? जोयो कांजी, म्हणजे रोजच्या वापरासाठी ठरवलेली चिनी वळणाची अक्षरं, 2136 आहेत. 'देऊळ' या अक्षराच्या डावीकडे एक छोटा भाग बदलला की त्याचं 'वाट पाहणे' होतं, दुसरा लावला की 'हातात धरणे', तिसरा लावला की 'सामुराई'. हेडसेटमध्ये पाटीवरची बारीक अक्षरं पुसट दिसतात, तिथे हा फरक कोण ओळखणार? हे वहीत गिरवूनच बसतं. कंटाळा येतो, मान्य.

घुबड
मला वीस मिनिटांत मळमळतं. डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतो बसलोय. व्याकरण राहिलं बाजूला.

कांजीग्रस्त
@घुबड, व्हीआरचॅट साध्या कॉम्प्युटरवरही चालतं, हेडसेटशिवाय. पण मग मान डोलावणं जातं, आणि माझ्या मते खरी मजा त्यातच आहे. जपानी माणूस ऐकताना सारखा 'उन, उन', 'नारुहोदो' करत मान हलवतो, याला आइझुची म्हणतात. आपण गप्प राहून ऐकलं तर त्याला वाटतं, लक्ष नाही. हेडसेट मान टिपतो, त्यामुळे ही सवय अंगवळणी पडते. @तळटीप, टेबलावरचा पेन हे नाही शिकवत.

जुना_खेळाडू
मी या वाटेने जाऊन आपटलोय, म्हणून लिहितो. तिथलं जपानी म्हणजे कट्ट्यावरचं. सगळे एकमेकांशी अरे-तुरेत. वर्षभर तेच कानावर पडलं आणि नोकरीच्या मुलाखतीत मी स्वतःला 'ओरे', म्हणजे दोस्तांतला रांगडा 'मी', म्हणून बसलो. समोरचे गृहस्थ सभ्य होते, फक्त हसले. साधं 'खाणे' घ्या: मित्रात ताबेरु, साहेब खातात तेव्हा मेशिआगारु, आपण नम्रपणे खातो तेव्हा इतादाकु. मध्यरात्री तिथल्या आभासी आरशासमोर गप्पा मारत बसलेले अवतार तुम्हाला मेशिआगारु शिकवणार नाहीत.

तळटीप
+१. आणि चूक कोणी दुरुस्तही करत नाही. 'निहोंगो जोझु', म्हणजे 'जपानी छान येतं', म्हणून कौतुक करतात आणि पुढे जातात.

कांजीग्रस्त
केइगोचा, म्हणजे आदरार्थी भाषेचा, मुद्दा मान्य, त्यासाठी क्लास लावलाय. चुका न सुधारण्याबद्दल मात्र एक गंमत. तिथे 'मुगोनझेई' नावाची जमात आहे, म्हणजे माइक बंद ठेवून वावरणारे. बोलत नाहीत, फक्त हातवारे आणि मान. माझी सगळ्यात जास्त प्रॅक्टिस त्यांच्यासोबत झाली. मी अडखळत दहा मिनिटं बोलायचो, समोरचा शांतपणे ऐकायचा. कळलं नाही की मान तिरकी. मग मी तेच वाक्य मोडून पुन्हा.

तळटीप
म्हणजे तुम्हाला जपानी बोलणारा नको होता, ऐकून घेणारा हवा होता?

कांजीग्रस्त
पहिले दोन महिने तरी, हो.