प्रोटीन काही दिवसांत मोडतं, मग आजीची साठ वर्षांपूर्वीची आठवण टिकते कुठे?

नौपाडाकर:
आजी 84ची आहे. सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही ते तिला आठवत नाही, मग मी कचऱ्याच्या डब्यात रिकामं पाकीट शोधत बसतो. पण आजोबा वागळे इस्टेटमधून पाळी सुटल्यावर चालत यायचे तेव्हा वाटेत कुठली कुठली दुकानं लागायची ते ती एकही न चुकता ओळीने सांगते. काल वाचलं की मेंदूतली बरीचशी प्रोटीन्स काही तास ते काही दिवसांत मोडतात आणि नवीन बनतात. म्हंजे त्या वेळचा माल तर केव्हाच गेला, मग ही दुकानं राहिली कशात?

खारघरची_पेशी:
भारी प्रश्न. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी फ्रान्सिस क्रिकनेपण 1984 साली हेच विचारलं होतं. एक उत्तर समुद्री गोगलगायीत सापडलं, अप्लिसिया. एरिक कँडेलला हिच्यावरच्या कामासाठी 2000चं नोबेल मिळालं आणि 2003 मध्ये त्याच्याच लॅबमध्ये कौशिक सी यांनी सीपीईबी नावाचं प्रोटीन पकडलं. हे आरएनएला चिकटतं. न्यूरॉनच्या, म्हंजे मेंदूतल्या पेशीच्या, फांद्यांमध्ये एमआरएनए (प्रोटीन बनवायच्या सूचनांचे आरएनए) झोपलेले पडून असतात, सगळीकडे, पण जिथे सिनॅप्स, म्हंजे दोन न्यूरॉनमधला जोड, नुकताच वापरला गेलाय तिथेच हे त्यांना उठवतं, त्यांची ए-ए-ए वाली शेपटी वाढवतं आणि तिथल्या तिथे नवं प्रोटीन बनायला लागतं.
आता खरी गंमत. हे सीपीईबी आकार बदलून एकमेकांना चिकटतं आणि बाजूच्या साध्या सीपीईबीलाही आपल्यासारखं करून घेतं. विरजणासारखं समजा, कालचं दही संपलं तरी चमचाभर उरलेल्यावर आजचं लागतं. मोडणारं मोडतं, नवीन येतं ते त्याच आकारात ओढलं जातं. गोगलगायीत सीपीईबी बनू दिलं नाही तर 24 तासांनी सिनॅप्सचं कनेक्शन घट्टच दिसलं, 72 तासांनी बघितलं तर ढिलं. म्हंजे आठवण बनते, टिकत नाही.

ऐरोली_8_12_लोकल:
थांबा थांबा, प्रोटीनच्या गुठळ्या म्हटल्यावर मला तर अल्झायमर आठवतो, ते वाईट आणि हे चांगलं असं कसं?

खारघरची_पेशी:
बरोबर शंका आहे. फळमाशीत याचाच भाऊबंद आहे, ऑर्ब-टू. सुटा असला की तो एमआरएनएवरून प्रोटीन बनणं दाबतो, गुठळी झाली की तेच सुरू करतो. म्हंजे गुठळी हाच त्याचा स्विच. 2020 मध्ये माश्यांच्या मेंदूतून काढलेल्या ऑर्ब-टूची रचना बघितली, तर गाभ्यात पाण्याशी जमवून घेणारी अमिनो आम्लं निघाली, अल्झायमरच्या अमायलॉइडचा, म्हंजे तिथल्या गुठळीचा, गाभा पाण्यापासून पळणारा असतो. आणि विरजणाचं उदाहरण फार ताणू नका, तिथे जिवाणू वाढतात, इथे फक्त आकार पसरतो. उंदरांचं सांगायचं राहिलं, 2015 मध्ये आठवण पक्की झाल्यावर त्यांच्यातलं सीपीईबी-3, याच घराण्यातलं प्रोटीन, काढून टाकलं तर ती टिकली नाही. माणसात असंच होतं हे सिद्ध झालेलं नाही, पण प्रोटीन आपल्यातही आहे.

सीवूड्सचे_काका:
म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर जी मेंदूची पावडर फिरतेय 'मेमरी प्रोटीनयुक्त' ती घ्यावी का? दूधवाला पण विकतोय.

खारघरची_पेशी:
काका, ते पोटातच पचून जाईल हो. ज्या सिनॅप्सला आत्ता गरज आहे तिथेच ते बनावं लागतं, वरून ओतून काय उपयोग. आणि नौपाडाकर, आजीला वारांची नावं असलेला गोळ्यांचा डबा आणा, आणि विसरणं नवीन असेल किंवा वाढत असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

नौपाडाकर:
डबा आजच आणला, आजी म्हणते मंगळवारचा कप्पा दोनदा कसा काय रिकामा होतो, तर ते मला आठवतच नाहीये की मी पहिल्यांदा भरला होता का 😅

ऐरोली_8_12_लोकल:
तुमच्या सीपीईबीचं विरजण लागलेलं दिसत नाही. आजीकडून घ्या चमचाभर.