गरे तळायचा रविवार

‘पावसचं घर’ ग्रुप, रविवार, १४ एप्रिल २०२४

डोंबिवलीची आत्या, ९:०४
वहिनी, पहाटेपासून टीव्हीसमोर बसल्ये. इराणने इस्रायलवर ३०० हून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. काल होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ हेलिकॉप्टरमधून त्यांचे कमांडो उतरले आणि अख्खं जहाज ताब्यात घेतलं. २५ जणांत १७ आपले. आणि ग्रुपवर फोटो काय, तर फणस, विळी आणि हसणारी पोरं! तुमचा मंदार तिकडेच जहाजावर, आणि त्याचं एका शब्दाने कोणी सांगत नाही.

पुण्याचे काका, ९:११
ताई बरोबर बोलत्ये. माझं मत स्पष्ट आहे. मंदारने साइन ऑफ घ्यावं. पुढच्या बंदरावर उतरून घरी यावं. तिकीट मी काढतो.

ठाण्याची काकू, ९:१९
वहिनी, फणस कापा आहे ना? रंग सुरेख दिसतोय. आणि पेटीचं सांगायचं राहिलं, ८ आंबे डागी निघाले. तक्रार नाही, फक्त कानावर घातलं.

दादाकाका, ९:२६
पेटी मी स्वतः भरली. एकही डागी फळ घातलं नव्हतं. गाडीत उन्हाखाली राहिली असेल.

ठाण्याची काकू, ९:२८
असेलही. पुण्याच्या पेट्या बऱ्या उन्हात राहत नाहीत. मागच्या वर्षी त्यांना ४ आल्या, आम्हाला २. तेव्हाही मी काही बोलले नाही.

पुण्याचे काका, ९:३०
त्यातल्या २ माझ्या सासुरवाडीच्या होत्या, पैसे देऊन घेतलेल्या. असो. मुद्दा मंदारचा आहे. त्याने साइन ऑफ घ्यावं.

चिन्मय, ९:३३
मोठ्या काकूंचे गरे आमच्या हॉस्टेलला पोचत नाहीत, मध्ये कुठली सामुद्रधुनी लागते? 😄

डोंबिवलीची आत्या, ९:३४
चिन्या, ही थट्टेची वेळ आहे?

चिन्मय, ९:३६
सॉरी आत्या. मी काल रात्रीच पावसला आलोय. फोटोही मीच टाकले. आजी हसत होती म्हणून टाकले.

पुण्याचे काका, ९:४८
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. होर्मुझ अरुंद ठिकाणी जेमतेम २१ सागरी मैल. जगातलं पाचातलं एक पिंप तेल तिथून जातं. जहाजांना दुसरी वाट नाही. म्हणून म्हणतो, साइन ऑफ.

दादाकाका, ९:५५
वाशी मार्केटहून फोन आला होता. आखातात जाणारा माल दोन दिवस थांबवा म्हणतायत. तेव्हा आम्हाला इथे काही कळत नाही असं कोणी समजू नये. झाडावर तयार फळ आहे, ते थांबत नाही.

मोठी काकू, १०:४०
वन्सं, हात तेलाचे होते, आत्ता वाचलं. मंदारचं जहाज काल रात्री १० ला दुबईच्या जेबेल अली बंदरातून सुटलं. होर्मुझ ओलांडून फुजैराला नांगर टाकला की मेसेज करतो म्हणाला. त्यानंतर मी ‘जेवलास का’ एवढंच विचारलं. त्याला अजून एकच टिक आहे. प्रत्येक घाणा काढला की बघत्ये.

टीव्ही बंद आहे तो आईंसाठी. वायर चिन्याने काढून कपाटात ठेवल्ये. फणस काल संध्याकाळी उतरवलेला. आज फोडला नसता तर पिकला असता, तळायच्या कामाचा राहिला नसता, आणि आईंनी विचारलं असतं का नाही फोडलास म्हणून. मग काय सांगणार होते? हाताला खोबरेल लावून सगळे बसले, आईंनी स्वतः आठळ्या वेगळ्या काढल्या.

गरे कढईत सोडले की तेल वर येतं. मग मिठाचं पाणी शिंपडायचं. ते तडतडतं, आणि तडतड थांबेपर्यंत झारा हलवत राहायचं. तेवढा वेळ मला दुसरं काही ऐकू येत नाही. आज ८ घाणे झाले. एरवी ४ काढते.

डोंबिवलीची आत्या, १०:४३
वहिनी, मला हे माहीत नव्हतं.

डोंबिवलीची आत्या, १०:४४
पण एक ओळ टाकायची. मंदार माझ्याही मांडीवर वाढलाय.

मोठी काकू, १०:५१
हो. टाकायला हवी होती.

पुण्याचे काका, ११:०२
वहिनी, मग साइन ऑफचं आजच बोलायचं का त्याच्याशी?

मोठी काकू, ११:०५
भावजी, जहाज म्हणजे एसटी नाही, हात दाखवून उतरायला. त्याच्या जागी दुसरा माणूस यावा लागतो, तोही कोणाचातरी मुलगाच. काँट्रॅक्टचा दीड महिना राहिलाय. तो येईल तेव्हा येईल. तुम्ही तिकिटाचं म्हणालात ते मनापासून म्हणालात, मला कळतं.

ठाण्याची काकू, ११:१२
वहिनी, डागी आंब्यांचं मी उगाच काढलं. साठं घालत्ये त्यांची.

दादाकाका, ११:१५
पुढची पेटी झाडावरून थेट तुमच्याकडे.

मोठी काकू, १:३०
आईंना कळलंय. वायर काढली तेव्हाच ओळखलं त्यांनी. जेवताना ‘रामदास’चं सांगत होत्या. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. आई ६ वर्षांच्या, माहेर अलिबागकडचं, आणि मामा त्याच बोटीने यायचे होते. घरी नक्की काही कळेना. आईंच्या आईने तांदूळ निवडायला घेतले. निवडून झाले की परत सुपात ओतायची आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायची. मामांची बोट चुकली होती, तिसऱ्या दिवशी ते दारात उभे. त्या बोटीवरची सहाशेहून जास्त माणसं परत आली नाहीत. आई म्हणाल्या, ते तांदूळ नंतर कितीतरी दिवस कोणी शिजवले नाहीत.

डोंबिवलीची आत्या, १:३८
आईने हे मला कधी सांगितलं नाही.

चिन्मय, १:४०
मलाही आजच पहिल्यांदा. आजी आत्ता पडल्ये जरा. झोपली नाहीये.

पुण्याचे काका, २:५५
काही कळलं?

मोठी काकू, २:५६
नाही.

मोठी काकू, ३:५२
दोन टिक आल्या.

डोंबिवलीची आत्या, ३:५२
निळ्या?

मोठी काकू, ३:५३
नाही. पण दोन आल्या. फोन चालू आहे त्याचा.

डोंबिवलीची आत्या, ३:५३
🙏🙏 मी रडत्ये इथे.

मोठी काकू, ३:५८
आई म्हणतायत, वायर लावून द्या आता. त्या १७ जणांचं काय झालं ते बघायचंय.