घरचा ग्रुप : शेवट सांगू नका

ताई: मामा, सकाळचा मेसेज पुसून टाका प्लीज. आज रात्री आम्ही तो सिनेमा बघणार होतो. तीन आठवडे मी एकही परीक्षण वाचलं नाही, ट्रेलर लागला की मान फिरवली.

मामा: शेवट कुठे सांगितला? धक्का आहे एवढंच म्हटलं.

ताई: तेवढंच पुरतं. आता कोणी साधं दार लावलं तरी वाटणार, हाच तो. सिनेमा राहतो बाजूला, तपास सुरू.

मामी: अहो, पुसा ना. तीस वर्षं मध्यंतरात खुनी कोण ते ऐकतेय मी.

धाकटे काका: हाहाहा! मामी, आज बोललात!

दादा: ताई, २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १२ लघुकथा लोकांना वाचायला दिल्या होत्या. शेवट आधी कळलेल्यांना त्या सरासरीने जास्तच आवडल्या.

ताई: आवडल्या असतील. माहीत असलेला सिनेमा मीही पुन्हा बघते. पण दुसरी वेळ कधीही मिळते रे, पहिली एकदाच. हिचकॉकने १९६० साली ‘सायको’ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, अशी अट थिएटरवाल्यांना घातली ती उगाच का?

दादा: का घातली?

ताई: बघ, म्हणजे कळेल. आणि १९५५ चा ‘ले दियाबोलिक’, त्याच्या शेवटी तर पडद्यावर विनंतीच येते, मित्रांना सांगू नका म्हणून.

मामा: मी शेवट सांगितलेला नाही. धक्का आहे एवढंच.

आत्या: मला मात्र आधी कळलेलं बरं. कुत्रं मरणार असेल तर मी बघूच शकत नाही.

ताई: आत्या, तुला मी वेगळं सांगेन, खरंच. ज्याला हवं त्याने विचारावं. सगळ्यांच्या कानावर कशाला?

मामी: विषय निघालाच आहे तर, सहलीचे फोटो कोण टाकणार होतं?

धाकटे काका: टाकले होते. कोणी बघितले नाहीत.

आत्या: मला आलेच नाहीत. मला सगळं उशिराच कळतं.

आजी: मी एकदा चुकून भलत्याच सिनेमाला जाऊन बसले होते. नावसुद्धा माहीत नव्हतं. नायक कोण तेच कळेना. ज्याच्यावर नजर ठेवली तो अर्ध्यातच निघून गेला, आणि मागे गप्प उभी असलेली बाई हळूहळू मोठी होत गेली. शेवटपर्यंत तिचीच गोष्ट. घरी येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही. तसं पुन्हा कधी झालं नाही.

ताई: आजी, हेच. अगदी हेच म्हणत होते मी.

मामा: पण मी शेवट

मामी: अहो.

मामा: बरं. पुसला. ताई, तुला एक नाव वेगळं पाठवलंय. फक्त नाव.

ताई: मिळालं. आज हाच बघते. थँक्यू मामा.

आत्या: मलाही पाठव. कुत्रं असेल तर सांग.