विषय: दक्षिण सुदानसाठी हापसे, नवे की सुटे भाग?

मंडळी, नमस्कार.
यादवी संपल्यावर गावी परतलेल्या लोकांसाठी जमलेल्या निधीतून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नवे हापसे करून घ्यावेत, असा बैठकीत सूर होता. बेळगावकरांनी कोटेशन कळवावं. कंटेनरमध्ये जागा उरली तर जुने कपडेही घालू का?
– कार्यवाह

कार्यवाह साहेब,
कोटेशन देतो, पण आधी ऐका की. तिकडे आपलाच इंडिया मार्क टू जातीचा हापसा बसवलेला असतो, ज्याचं मूळ जालना-सोलापूरच्या पंपांत आहे. बंद हापशाचं डोकं, म्हणजे जमिनीवरचा भाग, बहुतेकदा शाबूत असतं. खराब होतात ते सिलिंडरमधले दोन कप वॉशर (वाटीसारख्या चकत्या), रॉडचे आटे आणि ग्रीसअभावी तुटलेली चेन. वॉशर नायट्रिल रबराचेच घ्या. पण वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागतात. 32 मिमीचे, 3 मीटर लांबीचे 10 पाइप म्हणजे नुसत्या लोखंडाचं वजन 100 किलोच्या आसपास, वर रॉड आणि पाणी वेगळंच. पकडीचे क्लॅम्प आणि पाइप स्पॅनर नसले की वॉशर पेटीतच पडून राहतात. म्हणून आधी अवजारांचा संच.
पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, मागवा. 6.5 च्या खाली असेल तर जस्त चढवलेला लोखंडी पाइप गंजतो, पाणी तांबडं येतं, आणि बायका परत ओढ्यावर जातात. तिथे स्टेनलेस स्टीलच हवं. खर्चाचा खरा फरक इथे पडतो.
कपडे नकोत. त्यांचं भाडं कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त.
– उद्यमबागेतून

वरच्याला थोडी जोड. बोअरपर्यंतची वाट सुरुंग काढणाऱ्या पथकाने मोकळी केल्याशिवाय कुणालाही पाठवू नये. मग वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजायची. लढाईत बोअरमध्ये दगड टाकलेले असतात, आणि तसं असेल तर तो हापसा सुट्या भागांनी सुरू होत नाही.
दुरुस्तीनंतर क्लोरीन. 150 मिमी बोअरमध्ये दर मीटरला साधारण 17.7 लिटर पाणी. 20 मीटर पाण्याला, लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन धरून, 30 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर 60 ग्रॅम. रात्रभर ठेवून वास जाईपर्यंत उपसायचं. पावडर इथून पाठवू नका, उन्हात तिची ताकद उतरते.
एका हापशामागे 500 माणसं हा स्फिअरचा (मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा) हिशेब मिनिटाला 17 लिटरचा आहे. मार्क टू देतो 12 च्या आसपास, तेव्हा 350 धरा.
– खानापूर

दोघांचेही आभार. ऑर्डर थांबवली आहे. तिथली राजधानी जुबा इथल्या भागीदारांकडून प्रत्येक बोअरची खोली, पीएच आणि पाइपची संख्या मागवतो. कपड्यांची गाठोडी ज्याची त्याने परत न्यावीत, सभागृहाची चावी शनिवारी द्यायची आहे.
– कार्यवाह