शब्दचर्चा : ‘पहिल्या धारेची’ – धार नेमकी कशाची?

प्रश्न

पहिल्या धारेची शिवी, पहिल्या धारेचा विनोद, पहिल्या धारेचा खोटारडा. अस्सल, कडक, भेसळ नसलेला या अर्थाने हा प्रयोग सर्रास चालतो. पण ही धार दारूची की दुधाची? ‘धार काढणे’ म्हटले की आधी गोठाच आठवतो, म्हणून शंका. जाता जाता ‘सडवा’, ‘बेवडा’ आणि ‘नवटाक’ यांबद्दलही कोणी सांगितले तर बरे.

प्रतिसाद १

दारूचीच. दुधाची असती तर प्रयोग उलटा पडला असता. सडातून सुरुवातीला येणारे दूध सर्वांत पातळ असते, स्निग्धांश शेवटच्या धारांत उतरतो. शिवाय सडाच्या तोंडाशी जंतू साठलेले असल्याने पहिल्या दोन-चार धारा बाजूला काढून टाकायच्या असतात. अशा धारेवरून कोणी अस्सलपणा मोजणार नाही.

भट्टीत मात्र पहिली धारच सर्वांत कडक येते. आंबलेल्या मिश्रणात मद्यार्क साधारण ८ ते १० टक्के असतो. निव्वळ मद्यार्क ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. १० टक्क्यांचे मिश्रण सुमारे ९३ अंशांना उकळी धरते. त्या पहिल्या वाफेत मद्यार्क ५० टक्क्यांच्या पुढे असतो. मग भांड्यातला मद्यार्क कमी होत जातो, उकळीचे तापमान चढते आणि धार उतरत जाते. शेवटी येते ते पाणचट, आंबूस वासाचे. सगळ्या धारा एकत्र केल्या तर सरासरी माल मिळतो. ‘पहिल्या धारेची’ म्हणजे नंतरचे पाणी न मिसळलेली.

प्रतिसाद २

कडक, हे मान्य. पण त्यावरून ‘पहिल्या धारेची म्हणजे शुद्ध’ असा जो अर्थ काढतात तो चूक. अगदी सुरुवातीच्या थेंबांत अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट जास्त असतात. नखांचे पॉलिश काढायच्या द्रवासारखा झणका येतो तो त्यांचाच. जाणकार तेवढा भाग फेकून देतात आणि त्यापुढची धार ‘पहिली’ मानतात.

याहून घातक समज म्हणजे ‘पहिला भाग फेकला की विष गेले’. हे विष म्हणजे मिथेनॉल, मद्यार्काच्याच जातीचे पण विषारी. ते ६४.७ अंशांना, म्हणजे मद्यार्काच्या आधी उकळते हे खरे, पण ते निव्वळ असताना. पाण्यात मिसळलेले मिथेनॉल साध्या भट्टीत सुरुवातीपासून अखेरपर्यंत थोडे थोडे येतच राहते. गुळाच्या आंबवणात ते मुळात नगण्य असते, फळांच्या पेक्टिनपासून थोडे जास्त तयार होते. माणसे दगावतात ती बहुतेक वेळा बाहेरून आणून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलमुळे. २०१५ साली मुंबईत मालवणीत शंभरहून अधिक बळी गेले ते मिथेनॉलनेच. म्हणून बातम्यांत ‘गावठी’ आणि ‘विषारी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात ते खटकते. गावठी म्हणजे कुठे गाळली ते, विषारी म्हणजे आत काय आहे ते.

काडी लावून पाहायच्या परीक्षेबद्दलही सांगतो. निळी ज्योत दिसली की माल चांगला, असे म्हणतात. साधारण ५० टक्के मद्यार्काची दारू सहज पेटते, एवढेच त्यातून कळते. मिथेनॉलही निळेच जळते, आणि उन्हात तर त्याची ज्योत दिसतही नाही. विषबाधेची लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी येतात: धूसर दिसणे, पोटात कळा, धाप. तोवर ‘उतरेल’ म्हणून झोपवून ठेवणे हीच मोठी चूक. पिण्यात आल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठावे.

प्रतिसाद ३

सडवा : मोहफुले किंवा गूळ पाण्यात आंबवून तयार झालेले, अजून न गाळलेले मिश्रण. हा विदर्भाकडचा शब्द. पोलिसांच्या पत्रकात तिकडे ‘मोहा सडवा’ येतो, इतरत्र ‘कच्चे रसायन’ किंवा ‘वॉश’. तिन्ही एकच. ‘रसायन’ वाचून वाचकाला कारखान्यातले काहीतरी वाटते, म्हणून मला सडवा हा शब्द जास्त नेमका वाटतो. त्यात क्रियाच सांगितली आहे.

लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का मद्यार्क तयार होतो. १० टक्क्यांपुढे रानटी यीस्ट थकते, म्हणून गूळ वाढवून कडकपणा वाढत नाही, नुसता गोडवा उरतो. मिश्रण ४० अंशांच्या आसपास तापले तर यीस्ट मरते; छाप्यांत पिंपे जमिनीत पुरलेली सापडतात त्यामागे लपवण्याबरोबर गारव्याचाही हिशेब असतो. आंबणे संपल्यावर उघडे पडले की जिवाणू मद्यार्काचे व्हिनेगर करतात. घट्ट झाकले तर कार्बन डायऑक्साइडने कॅन फुगून फुटतो.

नवसागर : अमोनियम क्लोराइड. कल्हईवाले वापरतात तोच. गुळात यीस्टला लागणारा नायट्रोजन कमी पडतो, तो यातून मिळतो. त्याने ‘किक’ येते हा भ्रम आहे, आणि जास्त झाला तर यीस्टच दबते.

प्रश्नकर्त्याकडून

दुधाचा मुद्दा पटला. बेवडा राहिला.

प्रतिसाद ४

बेवडा म्हणजे आधी माणूस नव्हे, दारू. दोनदा गाळलेली ती बेवडा. यातला ‘बे’ पाढ्यातलाच, बे एके बे. पहिल्या गाळपाचा माल पुन्हा भट्टीवर चढवला की मद्यार्क आणखी वर जातो. ती पिणाऱ्याला तेच नाव चिकटले, आणि आता मूळ अर्थ कोशातच राहिला आहे.

नवटाक हे माप, शेराचा आठवा भाग, म्हणजेच अदपाव. ‘नवटाक मारली’ यात दारूचे नाव घ्यावेच लागत नाही. पावशेराचेही तसेच.

प्रतिसाद ५

गोव्यात या पायऱ्यांना वेगळी नावे टिकून आहेत आणि तिथे धंदाही उजळ माथ्याने चालतो. काजूच्या बोंडांचा रस यीस्ट न घालता आपोआप आंबतो. तो भाटीवर एकदा गाळला की उर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. उर्राक पुन्हा रसाबरोबर गाळला की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वरच्या हिशेबाने फेणी ही बेवडाच ठरते! उकळायचे भांडे ते भाण. फेणी हे नाव फेसावरून. बाटली हलवून बुडबुडे किती मोठे आणि किती वेळ टिकतात यावरून कडकपणा ताडतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

प्रतिसाद ६

क्रियापदाकडे कोणी पाहिले नाही. दारू ‘गाळतात’ किंवा ‘काढतात’. गाळणे पाण्याचेही आणि उसाचेही, तरी ‘दारू गाळली’ म्हटल्यावर कोणाला फडके आठवत नाही. पाठ्यपुस्तकात त्यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात.

साखर कारखान्यांच्या फलकावरच्या ‘आसवनी’ची (म्हणजे मद्यार्क गाळण्याच्या कारखान्याची, डिस्टिलरीची) मात्र गंमत आहे. आयुर्वेदातले आसव आणि अरिष्ट गाळलेले नसतात, नुसते आंबवलेले असतात. अरिष्टात औषधीचा काढा करून घेतात, आसवात काढा न करता, आणि आंबवण्यासाठी दोन्हींत धायटीची फुले टाकतात. मद्यार्क आतच तयार होतो, ५ ते १० टक्के. म्हणजे आसव हे सडव्याच्या जवळचे, धारेच्या नव्हे.