तारखेत महिना जोडायचा कसा? दूध संस्थेच्या बिलात घोळ (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर काम करतो. गावच्या दूध संस्थेचा हिशेब पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि एसक्यूलाइटवर (छोटा डेटाबेस) बसवायचा उद्योग रात्री चालू असतो, त्यामुळं चुका पोटात घ्या.

आमच्याकडं बिल दहा दिवसांचं: १ ते १०, ११ ते २०, मग २१ ते महिनाअखेर. मी आपला १ जानेवारीपासून पायथनच्या टाइमडेल्टानं (तारखेत दिवस-तास जोडायचं साधन) दहा-दहा दिवस जोडत गेलो. तिसरं बिल ३० लाच बंद, आणि ३१ चं दूध फेब्रुवारीच्या बिलात! ते निस्तरलंय. आता महिनाअखेर हवी असली की पुढच्या महिन्याच्या १ तारखेतून एक दिवस वजा करतो.

अडलंय ते म्हशीच्या कर्जाच्या हप्त्यावर. पहिला हप्ता ३१ जानेवारी २०२५. टाइमडेल्टाला महिना कळतच नाही, म्हणून महिनेही जोडणारं रिलेटिव्हडेल्टा घेतलं. पुढचा हप्ता २८ फेब्रुवारी आला, ठीक. त्याच्या पुढचा २८ मार्च, आणि मग २८ च धरून बसलं. रिपोर्टमध्ये मात्र एसक्यूलाइटला '+१ मंथ' दिलं तर थेट ३ मार्च! म्हणजे फेब्रुवारीत हप्ताच नाही. सचिव म्हणतात, "एकाच कर्जाच्या दोन तारखा कशा रं?" काय सांगू?

आणखी एक. ११ तारखेला पहाटे ५:१० ला घातलेलं दूध १० च्या बिलात पडतंय. क्वेरीत (डेटाबेसमधून नोंदी काढायच्या आज्ञेत) साडेपाच तास जोडले तर संध्याकाळी सातचं दूध दुसऱ्या दिवशी गेलं.

प्रतिसाद १

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ३१ फेब्रुवारी अस्तित्वातच नाही. रिलेटिव्हडेल्टा मागं सरकून २८ वर थांबतं, एसक्यूलाइट उरलेले तीन दिवस पुढं ढकलतं. एसक्यूलाइट ३.४६ किंवा नंतरचं असेल तर त्याच ओळीत शेवटी 'फ्लोअर' द्या, तेही २८ देईल.

खरी चूक मात्र वेगळी आहे. मागच्या हप्त्यात महिना जोडू नका. मूळ तारीख ३१ जानेवारी जपून ठेवा आणि तिच्यात १ महिना, २ महिने, ३ महिने असे जोडा: २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल. एकदा २८ झालेल्या तारखेला आपण ३१ होतो हे आठवत नाही.

वेळेचं म्हणाल तर एसक्यूलाइटचा करंट टाइमस्टॅम्प (आत्ताची वेळ) यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असतो. ५:१० म्हणजे तिकडं आदल्या दिवसाचे २३:४०. संध्याकाळचं दूध पुढं गेलं याचा अर्थ कोडमध्ये कुठंतरी आधीच साडेपाच तास जोडलेत. सातात आणखी साडेपाच घातले की साडेबारा होणारच. शोधा आणि एकच जागा ठेवा. पायथनच्या झोनइन्फोमधलं (देशोदेशीच्या वेळा सांभाळणारं साधन) एशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, वापरलंत तर हातानं जोडायची गरजच नाही.

धागाकर्ता

भावा, सापडलं! आधीच्या पोरानं वाचून घ्यायच्या फंक्शनमध्येच ५:३० घातले होते, माझे वरनं दुसरे. ते काढले, झोनइन्फो लावलं. पहाटेचं दूध ११ लाच पडलं, संध्याकाळचंही जागेवर. हप्त्याची मूळ तारीख आता वेगळ्या रकान्यात ठेवलीय.

आता एकच: ज्यांचे हप्ते २८ ला कापले गेलेत, त्या जुन्या नोंदी तशाच ठेवू की तारखा बदलू? रक्कम बरोबर आहे. पण पासबुकावर छापून गेलंय.